माझी सरळ रेघ

शाळेत चित्रकलेच्या तासाला मी एकदा टेबल काढलं होतं. मास्तरांनी वही लांब धरली, जवळ आणली आणि विचारलं, "ही नदी कुठली रे?" ती टेबलाची कड होती. त्या दिवशी माझी आणि सरळ रेघेची जी फारकत झाली, ती थेट निवृत्तीपर्यंत टिकली.

निवृत्त माणसाला काहीतरी छंद असावा असं म्हणतात. म्हणणारी मंडळी बहुधा त्याच्याच घरात दिवसभर राहणारी असतात. आमच्या हिने फर्मान काढलं आणि मुलाने किट आणून दिलं. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि विमान करायचं. विमान दुसऱ्या महायुद्धातलं, इंग्रजांचं स्पिटफायर. प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. सरकारी नोकरीत माणसाचं असं होताना मी पाहिलं होतं, त्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही.

जोडकाम कसंबसं झालं. खरी परीक्षा रंगाची. पाठीवर मातकट तपकिरी आणि हिरवा असे दोन रंग, आणि वैमानिकाच्या डोक्यावर ती काचेची टोपी! काच कोरी राहायला हवी आणि तिच्यावरच्या चौकटीच्या पट्ट्या मात्र रंगायला हव्यात. त्या पट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर रुंद. माझ्या हाताने हे करायचं म्हणजे म्हशीला रांगोळी घालायला बसवण्यासारखं. पण आमचा नातू, वय वर्षं अकरा, म्हणाला, "आजोबा, रेघ काढायचीच नाही. जिथे रंग नकोय तिथे टेप चिकटवायची, बिनधास्त रंग मारायचा आणि टेप काढून टाकायची."

या मास्किंग टेपचंही एक शास्त्र आहे. गुंडाळीची मूळची कड वापरायची नाही, कारण तिला धूळ बसलेली असते. टेप काचेच्या तुकड्यावर लावून नव्या पात्याने ताजी कड कापायची. फार चिकट वाटली तर आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून तिचा जोर घालवायचा, नाहीतर ती निघताना खालचा रंगही घेऊन जाते. भाडेकरू जाताना बल्ब काढून नेतो, तशी. लावल्यावर दात कोरायच्या काडीने कड दाबून बसवायची. वळणावळणाच्या जागी टेप ऐकत नाही, तिथे सुकल्यावर रबरासारखं होणारं एक द्रावण ब्रशने लावतात. दोन रंगांची सीमा धूसर हवी असेल तर भिंतीवर चित्रं लावायचा तो मऊ लगदा घेऊन त्याच्या शेवया वळतात आणि त्या सीमेवर ठेवतात. आणि टेप काढताना सरळ वर ओढायची नाही, तिला तिच्याच पाठीवर दुमडत हळूहळू मागे न्यायची. लग्नात इतकं सांभाळून कुणी मला अंतरपाटही धरलेला आठवत नाही.

टेपचा शोध १९२५ सालचा, अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू या तरुणाचा. तेव्हा दोन रंगी मोटारींची फॅशन होती आणि रंगाऱ्यांना मधली कड साधत नव्हती. गोष्ट अशी सांगतात की त्याच्या पहिल्या नमुन्याला डिंक फक्त दोन्ही कडांनाच होता. टेप गळून पडली तसा एक रंगारी खवळला आणि म्हणाला, जा, तुझ्या चिक्कू स्कॉच साहेबाला सांग, डिंक पुरता लाव म्हणावं. 'स्कॉच' हे नाव तिथून आलं म्हणे.

असो. मी टेपा काढल्या आणि स्वतःच चाट पडलो. रेघा अशा, की मास्तरांना बोलावून दाखवाव्यात. शेजारचे निवृत्त इंजिनियर भिंग लावून म्हणाले, "काय हात आहे हो तुमचा!" मी नुसता हसलो. मान्य केलं असं नाही, नाकारलं असंही नाही. कचेरीच्या भाषेत, नोंद घेतली.

रात्री मात्र झोप येईना. रेघ माझी की टेपची? हात तर तोच, नदी काढणारा. आणि मग आठवला तो माझा निरोप समारंभ. साहेब म्हणाले होते, "छत्तीस वर्षं यांनी एका पैशाला हात लावला नाही." टाळ्या झाल्या, शाल मिळाली. पण खरं सांगू का? त्यातली पस्तीस वर्षं मी आवक-जावकला होतो. पत्र आलं, नंबर घाला. पत्र गेलं, नंबर घाला. आवक-जावकच्या कारकुनाला लाच देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. माझ्याभोवती सरकारनेच चारी बाजूंनी टेप लावली होती. आत मी कोरा राहिलो, यात माझी कर्तबगारी कोणती?

एकदाच, १९८७ साली, आठ महिने मला बिलांच्या टेबलावर बसवलं. मे महिन्यात एक कंत्राटदार हापूसची पेटी घेऊन घरी आला. "मुलांसाठी," म्हणाला. पाकीट नव्हतं, पैसे नव्हते, आंबे होते. मी 'नको, नको' म्हणालो, पण बेताच्या आवाजात. त्या आठवड्यात त्याचं बिल निघालं. मी खोटं काही केलं नाही. गठ्ठ्यातला खालचा कागद फक्त वर ठेवला. वरचा जो खाली गेला, तो एका सुताराचा होता. कचेरीतल्या खुर्च्या-बाकांची दुरुस्ती केल्याचा. तो तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानेच दुरुस्त केलेल्या बाकावर तासभर बसला आणि मग उठून म्हणाला, "साहेब, माझ्या कागदात काही चुकलंय का?" मी म्हणालो, "बघतो." त्याचं बिल निघालं तेव्हा शाळा सुरू होऊन महिना झाला होता.

हिला विचारलं, ती पेटी आठवते का? म्हणाली, "चार नासके निघाले होते."

सकाळी नातवाला नुसतं एवढंच विचारलं, "टेप नीट दाबूनही रंग आत शिरला तर?" तो म्हणाला, "शिरतोच. म्हणून काचेवर टेप लावली की आधी बिनरंगी वार्निश मारायचं. फट असेल तिथे तेच आधी शिरून बसतं आणि दिसतही नाही. मग खऱ्या रंगाला जागाच उरत नाही."

मला आमचे हेडक्लार्क आठवले. बिलांच्या टेबलावर माझ्या आधी वर्षानुवर्षं तेच होते आणि त्यांच्याभोवती कसलीही टेप नव्हती. कुणीही आला की तो तोंड उघडायच्या आत ते स्वतःच्या पैशाने चहा मागवायचे. महिनाअखेर कँटीनवाल्याची उधारी आणि बायकोची बोलणी, दोन्ही खायचे. आम्ही त्यांना उधळ्या म्हणायचो. एकदा मी विचारलंही. म्हणाले, "अरे, ज्याला आपण चहा पाजला, त्याला पेटी काढायला लाज वाटते. आणि आपल्याला घ्यायला." तेव्हा मला हा त्यांचा विनोद वाटला होता.

माझ्या स्पिटफायरला वार्निश मारायचं राहिलं होतंच. काचेच्या डाव्या अंगाला, एका पट्टीखालून, केसाएवढा तपकिरी ओघळ आत गेलाय. नातू म्हणाला की लाकडी काडीने हलक्या हाताने खरवडला तर निघेल, काचेला चरा पडणार नाही. काडी आणून ठेवली आहे. तूर्त ती बाजू शोकेसमध्ये भिंतीकडे करून ठेवतो. सुट्टीला नातू आला, की आल्या आल्या तो आधी विमान फिरवतो.