दिव्याची किंमत

रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपल्याकडे इतका झिजला आहे की कीर्तनकाराने तो काढताच मागची मंडळी टोप्या सावरू लागतात. अंधारात साप दिसला, दिवा आणला, पाहतो तो दोर! पण यात दिवा फुकट मिळतो असे गृहीत धरले आहे. तो लावण्यासाठी कोणाची कवटी उघडावी लागत नाही.

मेंदूच्या बाबतीत कधीकधी तेच करावे लागते. १९७८ साली ऱ्होड्स आणि डेव्हिस यांनी एका दुर्मिळ गाठीचे वर्णन केले. चुना साचून ती दगडासारखी होते. सी.टी. स्कॅनवर हाडासारखी पांढरी, एम.आर.आय.वर काळी, दिसते अर्बुदासारखी, पण खरे अर्बुद नव्हे. वाढते अगदी सावकाश, आणि पुरती काढता आली तर रोगी बहुधा बरा होतो. मात्र खात्री पटते ती तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच.

दुर्मिळ म्हणून हे सोडून द्यावे, तर आपल्या घरचाच दाखला आहे. १९६५ साली मुंबईच्या दस्तूर आणि देसाई यांनी ‘ब्रेन’ या विलायती नियतकालिकात मेंदूतील क्षयाच्या गाठींचे १०७ रुग्ण आणि ग्लायोमा या अर्बुदाचे १०७ रुग्ण शेजारीशेजारी मांडून तपासले. दोहोंतही डोकेदुखी, ओकाऱ्या, झटके. पण एकीवर औषध चालते, दुसरी पुष्कळदा जीव घेते. पुढे १९७१ साली लंडनमध्ये हौन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. उजेड वाढला, आणि सावल्याही अधिक दिसू लागल्या! पट्टकृमीची अळी मेंदूत मरून चुन्याचा ठिपका होऊन बसते, तीही त्या चित्रात उमटते.

आता प्रश्न असा, की अशी सावली दिसल्यावर वैद्याने काय सांगावे? अहवालात शब्द असतो ‘शक्यता’. ससूनच्या फाटकातून तो कागद सदाशिव पेठेत पोहोचेपर्यंत शक्यतेचे निदान झालेले असते. मावशीला कळते, शेजारच्या काकूंना कळते, फक्त ज्याचे डोके त्याला कळू देत नाहीत. याला आपण माया म्हणतो. मला ती माया वाटत नाही. मरणाची बातमी लपवणे एक वेळ समजू शकते. पण येथे लपवतो ते आपले अज्ञान, आणि त्या बदल्यात त्या बिचाऱ्याला इतरांचे रडके चेहरे वाचत बसावे लागते.

‘मला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या वैद्यावर आपला विश्वास बसत नाही, हेही खरेच. वास्तविक गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांमध्ये प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग तिसरा मान संशयाचा आहे. संशय हा तेथे दोष नव्हे, शोधाचा उंबरठा आहे. पण नैयायिकाला खांब की माणूस हे ठरवायला हवा तितका वेळ होता. रुग्णाला रात्री झोपायचे असते. म्हणून नुसते ‘ठाऊक नाही’ म्हणून हात झटकणे हाही एक पळच. थांबलो तर काय बिघडेल, गाठ काढताना बोलणे किंवा चालणे जाण्याचा धोका किती, औषध देऊन पाहता येईल का, आणि चित्र पुन्हा केव्हा काढायचे, एवढे तरी त्याच्यासमोर बसून, त्याच्याशीच बोलले पाहिजे. मुलाशी किंवा जावयाशी नव्हे.