त्यागाचा हिशेब

आमच्या सोलापुरात ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी शाळा उभी राहते, आणि ‘सिस्टर’ म्हटले की रुग्णालयातील परिचारिका. मग ती कोणत्याही धर्माची असो. हे दोन्ही शब्द कॅथलिक संन्यासिनींच्या घरातून आपल्याकडे आले. आपण ते इतके आपलेसे केले की ज्या स्त्रियांचे ते मूळचे, त्यांच्याविषयी विचारपूस करण्याचे कारणच उरले नाही. आम्हीही ती केली नसती. परंतु एके सायंकाळी आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील घरी आले.

हे गृहस्थ सेवानिवृत्त कारकून, जन्माने व श्रद्धेने कॅथलिक. मुलगी बी. ए. झालेली, बुद्धिमान, मितभाषी. तिने कार्मेल संप्रदायाच्या मठात जाण्याचे ठरविले होते. “सर, सिस्टर होते म्हणाली असती तर आम्ही पेढे वाटले असते,” ते म्हणाले. “शाळेत शिकवील, आजाऱ्यांचे करील, चार लोक नाव घेतील. पण ही तर जन्मभर भिंतीआड बसून प्रार्थना करणार! मग शिकविल्याचा उपयोग काय झाला? तुमचे ती ऐकते. तुम्ही तिला समजवा.” आम्ही होकार दिला. खरे सांगावयाचे तर त्या वेळी आमचे मतही त्यांच्याहून निराळे नव्हते.

बोलण्यापूर्वी विषय समजून घ्यावा म्हणून आम्ही थोडे वाचले, तेव्हा ध्यानात आले की ज्या दोन शब्दांना आपण एकच समजतो त्यांत चर्चने मोठा भेद मानला आहे. काटेकोर अर्थाने ‘नन’ म्हणजे मठाच्या आवारात राहून प्रार्थना, मौन व श्रम यांत आयुष्य घालविणारी मठवासिनी. ‘सिस्टर’ म्हणजे आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांच्या भाषेत धर्मभगिनी. शाळा, रुग्णालय, अनाथालय हे तिचे क्षेत्र. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते दोघींचीही; परंतु परंपरेने ननची व्रते ‘महाव्रते’ आणि सिस्टरची ‘साधी व्रते’ मानली गेली. साध्या व्रताने सिस्टर आपल्या मालमत्तेचा उपभोग सोडते, तरी वडिलोपार्जित हक्क नावाने तिचा राहू शकतो. महाव्रताने नन तो हक्कही सोडून देते. जैन समाजाशी परिचित असलेल्या सोलापूरकरांस आर्यिकांची महाव्रते व श्राविकांची अणुव्रते येथे आठवतील. मात्र हे साम्य पुरते जुळत नाही. श्राविका गृहस्थाश्रमी असते, तर सिस्टर पूर्ण संन्यासिनी. शिवाय आर्यिका गावोगाव विहार करते, आणि कॅथलिक नन एका उंबऱ्याच्या आत स्थिर होते.

हा उंबरा सर्वस्वी तिच्या इच्छेचा होता काय? इतिहास पाहता तसे म्हणवत नाही. १२९८ साली पोप आठवे बोनिफेस यांनी सर्व ननांस बंद आवारात राहण्याची आज्ञा केली, आणि १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ती अधिक कडक केली. १६०९ साली मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीने मुलींच्या शिक्षणासाठी भिंतीवाचूनचा संघ काढला. १६३१ साली तो मोडण्यात आला आणि खुद्द तिला म्युनिक येथील ननांच्या मठात कोंडून ठेवण्यात आले. जिला भिंत नको होती तिला शिक्षा मिळाली ती भिंतीचीच! त्याच सुमारास फ्रान्समध्ये व्हिन्सेंट दि पॉल व लुईझ द मारियाक यांनी आपल्या सेविकांस वर्षावर्षाची व्रते देऊन हा कायदा चतुराईने टाळला. अशा संघांतील भगिनींस पूर्णार्थाने धर्मव्रती म्हणून मान्यता मिळावयास १९०० साल उजाडावे लागले. त्या वर्षी पोप तेरावे लिओ यांनी ती दिली.

आपल्या शेजारच्या गोव्यात या भिंतीची साक्ष आजही उभी आहे. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील सांता मोनिकाचा भव्य मठ आर्चबिशप मेनेझिस यांच्या काळात, १६०६ साली, स्थापन झाला. १६३६ साली तो आगीत सापडला आणि पुन्हा उभारला गेला. १८३४ साली पोर्तुगालने धर्मसंघांवर गदा आणली. नव्या मुलींस प्रवेश बंद झाला. आतल्या बायका एकेक करून म्हाताऱ्या झाल्या व गेल्या. शेवटची नन १८८५ साली वारली. एका राजाज्ञेने दार लागावे आणि पन्नास वर्षे आतील दिवे एकेक करून विझत जावेत, यापरते करुण चित्र ते कोणते? पुढे १९६४ पासून त्याच वास्तूत धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था चालू लागली. ननांच्या घरात सिस्टरांची शाळा भरली. काळाने आपला निकाल दिला, असे कोणीही म्हणेल.

आम्हीही तेच म्हणालो असतो. महाराष्ट्रातील सुशिक्षिताच्या मनावर टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा संस्कार १९१५ पासून आहे. संन्यासाहून कर्मयोग श्रेष्ठ, हे आम्हांस पढवावे लागत नाही. आमच्या गावचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनीही तलाव खोदविला, लोकांस कामाला लावले. तेव्हा सिस्टर आम्हांस सहज कळते. नन कळत नाही. एवढी सिद्धता करून आम्ही त्या मुलीस बोलाविले, आणि गीता, टिळक, सिद्धरामेश्वर असे सर्व शस्त्रागार तिच्यापुढे रिकामे केले.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “सर, सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला हे खरे, पण त्याच तलावात त्यांची समाधीही आहे ना?” थोड्या वेळाने तिने विचारले, “तुम्ही पंचवीस वर्षे कविता शिकविलीत. तिचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगता?”

या प्रश्नास आम्ही वर्गात अनेकदा उत्तर दिले आहे. काही गोष्टी उपयोगासाठी नसतात. त्यांच्यामुळे उपयोगी गोष्टींस अर्थ येतो, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगत आलो. त्या दिवशी ते उत्तर तोंडातून निघेना, कारण तेच तिचेही उत्तर होते. सिस्टरचा त्याग आम्हांस मान्य, कारण त्याचे फळ आमच्या पदरात पडते. मुलांची इंग्रजी सुधारते, रुग्णाची रात्र सोपी होते. ननचा त्याग आम्हांस खटकतो, कारण त्यात आमचा वाटा दिसत नाही. म्हणजे आम्ही पूज्य मानीत होतो तो त्याग नव्हे, आमची सोय!

चर्चने तरी या दोन वाटांत उणेअधिक मानले नसावे. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी जगभरच्या धर्मप्रचाराचे पालकत्व दोघांस समसमान दिले. एक फ्रान्सिस झेवियर, ज्यांनी समुद्र पालथे घातले आणि ज्यांचा देह सांता मोनिकाच्या टेकडीपासून जवळच जतन केलेला आहे. दुसरी लिझ्यूची तेरेझ, जी पंधराव्या वर्षी कार्मेल मठात शिरली आणि चोविसाव्या वर्षी तेथेच वारली. पुढे मेरी वॉर्डच्या परंपरेतील लोरेटो संघात आलेल्या एका तरुणीने याच तेरेझचे नाव घेतले आणि १९४८ साली कलकत्त्याच्या वस्त्यांत पाऊल टाकले. मदर तेरेसांचे नाव एका मठवासिनीचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते?

तेव्हा आमच्या मते खरा नैतिक भेद भिंतीच्या आत व बाहेर नाही. भिंत कोणी घातली, हा प्रश्न आहे. मेरी वॉर्डभोवती घातलेली भिंत कैद होती; जिला घरच्यांनी भरीस घालून सिस्टर केले तिचे मोकळे अंगणही कैदच होय. आज २०१८ च्या नियमानुसार मठवासिनीच्या अखेरच्या व्रतापूर्वी निदान नऊ वर्षांची सिद्धता आवश्यक आहे. तोवर तिला परत फिरण्यास वाव असतो. लग्नाच्या मांडवात आपण आपल्या मुलींस इतका अवधी कधी दिला आहे काय?

आम्ही त्या गृहस्थांस हे सर्व सांगितले नाही. मुलीस समजाविणे आम्हांस साधले नाही, एवढेच म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “उपयोगाचे मी उगाच बोललो, सर. सिस्टर झाली असती तर सुटीत घरी आली असती, इतकेच.” या वाक्यापुढे आमचे सारे विवेचन थिटे पडले. ननच्या त्यागाचा हिशेब मांडताना तिच्या बापाचा त्याग आम्ही कोठे धरलाच नव्हता. तिने आपली वाट स्वतः निवडली. त्याच्या वाट्याला ती न निवडता आली.