मैत्रीच्या शेजारचा शब्द (गीता, अध्याय 12, श्लोक 13)



आजचा श्लोक बाराव्या अध्यायातला तेरावा. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतायत. कुणाचा द्वेष न करणारा, सगळ्या जिवांचा मित्र, मनात करुणा असलेला. इथपर्यंत आपण सगळे माना डोलावतो. पण लगेच पुढे शब्द येतो ‘निर्मम’, म्हणजे ज्याचं ‘माझं माझं’ सुटलंय असा. मैत्री-करुणेच्या अगदी शेजारी हा शब्द का आला असेल?

गेल्या रविवारी सकाळी सुप्याहून पुतण्याचा मेसेज आला. आठवीत आहे तो. “काका, कांद्याच्या चाळीत साप घावला. बिनविषारी आहे. पाळू का?” सोबत फोटो. पाण्याचा वीस लिटरचा जार आणि आत वेटोळं. मला तस्कर वाटला, पण फोटोवरून सापाची ओळख पक्की धरायची नसते.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मीही हेच केलं होतं. त्याच गावात, त्याच घरात.

माझा तस्करच होता. माशांची जुनी काचेची टाकी, वर जाळी, आणि ती ठेवली पत्र्याच्या खोलीत. दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की सर्पांत मी वासुकी आणि नागांत अनंत. ते नुकतंच वाचलं होतं, म्हणून नाव ठेवलं वासुकी. मित्रांना बोलावून दाखवायचो. रोज हात जोडायचो. खरंच जीव होता माझा त्याच्यावर.

त्याने काही खाल्लं नाही. जाळीला नाक घासून घासून तोंडाची कातडी सोलली. सापाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंग थंड ठेवायचं तर तो सावलीला, बिळात जातो. माझ्या टाकीत जायला जागाच नव्हती. मे महिन्यातल्या एका दुपारी तो गेला.

आजी एवढंच म्हणाली, “देव म्हणत व्हता तर कोंडला कशाला? आन जनावर म्हणत व्हता तर सावलीला का नाय ठिवला?”

याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण तेव्हापासून भागवतातली कालियाची गोष्ट मला वेगळी ऐकू येते. दशम स्कंधाच्या सोळाव्या अध्यायात ती आहे. कृष्ण कालियाच्या फण्यांवर नाचला, त्याचा गर्व उतरवला. आता तो पूर्ण हरलेला, शरण आलेला. कृष्णाने त्याला गोकुळात आणून मिरवलं का? नाही. यमुना सोडून सहकुटुंब समुद्रात, रमणक बेटावर जा म्हणाला. कालिया मूळचा तिथलाच, गरुडाच्या भीतीने पळून आलेला. म्हणून तीही भीती मिटवली: तुझ्या डोक्यावर माझ्या पायांच्या खुणा आहेत, गरुड तुला काही करणार नाही. ज्याचा विजय झाला त्याने सापाला ठेवून घेतलं नाही, सुखरूप घरी पाठवलं.

आपल्याला हे जमायला वेळ लागतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पुजायची जुनी परंपरा. तिथल्या लोकांची श्रद्धा खोटी नव्हती. तरी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो पाळायला लावला. मग प्रतिमेची पूजा आली. देव कमी झाला का? दुधाचंही तसंच. साप दूध पिणारा प्राणीच नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल ते पितो, आणि आपण त्याला नैवेद्य समजतो.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सृष्टीवर आपल्याला रीड-ओन्ली ॲक्सेस आहे. दर्शन घ्या, मालकी नाही. मैत्रीत ‘माझं’ शिरलं की तिची काचेची टाकी होते. हे फक्त सापाचं नाही. मुलं, मित्र, जोडीदार, आपल्या हाताखालचा ज्युनिअर... कुणाकुणाला आपण प्रेमानेच जाळीखाली ठेवलंय, बघा आठवून.

पुतण्याला फोन केला. जार सावलीत ठेव, उघडू नको, लांब हो. माझी टाकीची गोष्ट सगळी सांगितली, लपवलं नाही. मग वन विभागाच्या 1926 वर कळवलं. दुपारी सर्पमित्र आले. तस्करच निघाला. जवळच्याच ओढ्याकाठी सोडला, कारण अनोळखी जागी सापाला बीळ आणि भक्ष्य सापडणं अवघड जातं.

संध्याकाळी पुतण्या रुसलेल्या आवाजात म्हणाला, “काका, नाव पण ठेवलं होतं मी.”

“काय?”

“वासुकी.”

मला थोडा वेळ बोलताच आलं नाही. मग म्हटलं, “नाव राहू दे रे. साप गेला तरी चालतंय.”

आजचा संकल्प: ज्याच्यावर जीव आहे अशा एकावरची जाळी आज थोडी उचलून बघू.

राम कृष्ण हरी 🙏