विक्रेत्याचें मौन

नंदुरबार जिल्ह्यांत शहादा-तळोद्याच्या पट्ट्यांत विहिरीवरची मोटार जळाली, कीं शेतकरी ती उचलून बाजारच्या गांवीं वायंडिंगवाल्याकडे नेतो. तो कारागीर मोटार उघडतो, जळालेली तार कापून काढतो, एका खांचेंत किती वेढे होते तें मोजतो, तारेची जाडी मापतो आणि हें सारें एका मळकट वहींत टिपून ठेवतो. मोटार करणाऱ्या कारखान्यानें त्याला कांहीं शिकविलेलें नसतें; तथापि त्याचें फारसें अडत नाहीं. कारण मोटार हीच स्वतःचें पुस्तक असते. ज्याच्या हाताला सवय व डोळ्याला धीर असेल, त्याच्यापाशीं ती आपलें बहुतेक रहस्य बोलून टाकते. कारखानदारानें मौन धरलें तरी त्या मौनानें कोणाचें मोठेंसें नुकसान होत नाहीं. त्याच्या वतीनें तांबें आणि लोखंड बोलतें.

आज ज्या यंत्रांनीं आपला व्यवहार व्यापला आहे, तीं अशीं बोलत नाहींत. याच जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार-क्रमांक देण्यांत आले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांचीं बुबुळें टिपणारीं यंत्रें त्या निमित्तानें खेड्यापाड्यांच्या परिचयाचीं झालीं. पुढें रेशनच्या दुकानांतही अंगठा ओळखून धान्याची नोंद करणारें यंत्र येऊन बसलें. अशा एखाद्या यंत्राचें झांकण काढून पाहावें, तर आंत हिरव्या पाटीवर चार-दोन काळे चौकोन दिसतात. त्या प्रत्येक चौकोनांत, म्हणजे चिपेंत, रजिस्टर या नांवाचीं पुष्कळ लहान घरें असतात. अमुक घरांत अमुक अंक लिहिला म्हणजे दिवा लागतो, तमुक अंक लिहिला म्हणजे ठसा टिपला जातो, आणि क्रम चुकला म्हणजे कांहींच होत नाहीं. कोणत्या घरांत कोणता अंक लिहावा, हें त्या काळ्या चौकोनाकडे जन्मभर पाहत बसलें तरी कळावयाचें नाहीं. तें चिप करणाऱ्याच्या कागदांत असतें. तो कागद मिळाला तर यंत्र आपलें. न मिळाला तर पुरी किंमत मोजूनही तें अर्धें परक्याचेंच.

तेव्हां प्रश्न असा आहे, कीं विकणाऱ्यानें हा कागद राखून ठेवणें हा त्याचा हक्क समजावयाचा, कीं अन्याय?

समजा, धडगांवच्या एखाद्या होतकरू तरुणाच्या मनांत आलें, कीं या यंत्रानें आपल्या आजीशीं पावरी बोलींत बोलावें. त्याला संगणकाची विद्या अवगत आहे, वेळ आहे, हौसही आहे. पण असा मनुष्य चिप करणाऱ्या कंपनीकडे कागद मागूं लागला, म्हणजे बहुधा त्यालाच दोन प्रश्न विचारले जातात: गुप्ततेच्या करारावर सही करणार काय, आणि वर्षाला किती हजार नग घेणार? ज्याच्यापाशीं एकच नग आहे त्याचें संभाषण येथेंच संपतें. बरें, सही करावी, तर जें शिकलों तें दुसऱ्यास सांगतां येत नाहीं. म्हणजे आपलें काम चारचौघांसाठीं उघडें ठेवणाराचे हात आधींच बांधले गेले.

विद्या झांकून ठेवणें आपल्याकडे नवें नाहीं. शेवटचा डाव शिष्याला न शिकविणारा वस्ताद आणि मात्रेचा पाठ पोटच्या मुलालाही न सांगणारा वैद्य आपल्या गोष्टींतून पुष्कळ भेटतात. गुरूच्या अशा झांकल्या मुठीला पाली भाषेंत एक स्वतंत्र शब्दच आहे, आणि आपल्यापाशीं तशी मूठ नाहीं असें बुद्धानें सांगितल्याचें महापरिनिब्बानसुत्तांत आलें आहे. परंतु तथागताचें माप व्यापाऱ्यास लावणें न्यायाचें होणार नाहीं. जगाला शिकविण्याचें व्रत कारखानदारानें घेतलेलें नाहीं. त्याचे इंजिनिअर वर्षानुवर्षें राबले. त्या श्रमाचें फळ प्रतिस्पर्ध्याच्या ओंजळींत आयतें घालावें, असें आम्ही म्हणत नाहीं. चिप घडविली कशी, हें त्यानें खुशाल पोटांत ठेवावें. मात्र वस्तु कशी घडविली ही एक गोष्ट, आणि तिच्याशीं कसें बोलावें ही दुसरी. सारा घोटाळा या दोहोंची गांठ मारल्यानें होतो. मात्रेचा पाठ न सांगणारा वैद्य आपण समजूं शकतों. पण ती मधांतून घ्यावी कीं दुधांतून, हेंही न सांगतां पुडी विकणारा, आणि विचारलें असतां ‘रोज माझ्या दारीं या, मीच चाटवीन’ असें म्हणणारा वैद्य कोणत्या गांवानें चालवून घेतला असता?

हा व्यवहार पूर्वीं असा नव्हता. ॲपल कंपनीच्या दुसऱ्या संगणकाचें १९७८ सालचें पुस्तक उघडलें तर त्यांत विद्युन्मंडलाचा नकाशा सांपडतो. १९८१ सालीं आय.बी.एम.नें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्याचा तांत्रिक संदर्भग्रंथही विक्रीस ठेवला. त्यांत मंडलांचे नकाशे होते, आणि यंत्र जागें करणाऱ्या मूळ प्रणालीची ओळ न् ओळ छापलेली होती. फुकट नव्हे, विकत. पण मागेल त्याला विकत. आणि छापली म्हणून कंपनीनें त्या प्रणालीवरील हक्क सोडला असेंही नव्हे. ती उतरून घेणाऱ्यांवर तिनें पुढें दावेही लावले. उघडें करणें म्हणजे देऊन टाकणें नव्हे, हें याहून स्पष्ट कसें व्हावें?

या ग्रंथाशीं मराठी वाचकाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. त्या संगणकाला देवनागरी येत नव्हती. कानपूरच्या आय.आय.टी.त, आणि पुढें १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेंत, मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जिस्ट नांवाचें तंत्र वाढविलें आणि त्याचें एक कार्ड केलें. संगणकाच्या रिकाम्या खांचेंत तें बसविलें, कीं पडद्यावर आपलीं अक्षरें उमटत. जोडाक्षरें, वेलांट्या, रफार यांची सगळी उठाठेव कार्ड स्वतःच करी. इंग्रजीसाठीं लिहिलेल्या साध्या प्रोग्रॅमला आपण मराठी बोलत आहों याचा पत्ताही नसे. त्या खांचेच्या कोणत्या टोंकावर कोणता संकेत येतो हें छापून प्रसिद्ध झालेलें होतें, म्हणूनच परक्याच्या यंत्रांत आपलें कार्ड बसूं शकलें. ग्रंथ छापणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें नागरी लिपि असेल असें मानण्याचें कारण नाहीं. आम्हांवर उपकार करण्याचा कोणाचा हेतु नव्हता. कागद उघडा होता, एवढेंच.

पुढें वारें फिरलें. लिनक्ससाठीं स्वतंत्रपणें काम करणाऱ्यांना एनव्हिडियाच्या चित्र-चिपांचे कागद मिळेनात, तेव्हां नूव्हो नांवाच्या प्रकल्पांतील मंडळींनीं चिपेला प्रश्न घालून, तिचें उत्तर टिपून, अंधारांत चांचपडत तिची भाषा शिकून घेतली. ए.एम.डी.नें २००७ पासून आपल्या चित्र-चिपांचे कागद प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि तिचें कांहीं दिवाळें निघालें नाहीं. एनव्हिडियानें आपल्या प्रणालीचा एक भाग उघडा केला तो २०२२ सालीं. मधल्या काळांत किती बुद्धिमान माणसांचीं वर्षें, आधींच कोणाला तरी ठाऊक असलेली गोष्ट पुन्हां शोधण्यांत गेलीं असतील!

आपल्या कायद्याची वृत्ति येथें मोठी मौजेची आहे. १९७० चा पेटंट कायदा शोधकाला मक्ता देतो, पण शोध पुरा लिहून दिल्यावांचून नाहीं. १९५७ चा कॉपीराइट कायदा तर, स्वतंत्रपणें लिहिलेल्या प्रोग्रॅमचा दुसऱ्याशीं मेळ बसविण्यापुरती माहिती एरवीं सहज मिळत नसेल, तर ती खणून काढण्याची मुभा प्रोग्रॅम रीतसर बाळगणाराला देतो. म्हणजे खणणारा चोर नव्हे, हें कायद्याला मान्य आहे. मात्र ज्याच्या पेटींत कागद पडून आहे, त्यानें तो द्यावा, असें हीं कलमें म्हणत नाहींत.

सुरक्षिततेचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. अंगठ्याच्या यंत्राचा कागद भल्याप्रमाणें भामटाही वाचील. परंतु १८८३ सालींच केर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या पंडितानें असा दंडक घातला आहे, कीं यंत्रणा शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती किल्ली. कुलपाची घडण गांवच्या लोहाराला ठाऊक असते, म्हणून गांवचीं घरें उघडीं पडत नाहींत. आधारचें प्राधिकरणही पडताळणीचे आपले तांत्रिक नियम सर्वांस वाचूं देतें, आणि ठसा यंत्रांतच कुलूपबंद व्हावा अशी अट घालतें. एखादें भोंक बुजेपर्यंत कागद कांहीं महिने मागें ठेवला, तर आम्ही तक्रार करणार नाहीं.

मद्रासच्या आय.आय.टी.ची शक्ति, सी-डॅकची वेगा, अशा रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञावलीवरील चिपा आतां देशांत होऊं लागल्या आहेत. त्यांचें कौतुक करावें तितकें थोडें. पण आज्ञावली खुली म्हणून शेजारची ठसा टिपणारी चिपही खुली, असें होत नाहीं. सरकार दुकानांसाठीं यंत्रें घेतें तेव्हां हमीचीं, दुरुस्तीचीं, दंडाचीं कलमें करारांत घालतां येतात. त्यांतच एक ओळ आणखी लिहावी: यंत्रांतील प्रत्येक चिपेशीं कसें बोलावें तो कागद, मागेल त्याला, छपाईच्या खर्चांत. त्या ओळीपायीं निविदेचा आंकडा चढला तर चढूं द्यावा. कंपनी बुडाल्यावर तो कागद कोणाकडे मागावयाचा?