१९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीतून घेतलेला चुकीचा धडा

भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या इतिहासात दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली अशी निवडणूक एकच झाली, ती १९६९ ची. २० ऑगस्टला मतमोजणीची पहिली फेरी संपली तेव्हा वराहगिरी वेंकट गिरी यांच्या नावावर ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांच्या नावावर ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांच्या नावावर १,१२,७६९ इतके मतमूल्य जमा झाले होते. विजयासाठी ४,१८,१६९ चा कोटा हवा होता आणि तो कोणीच गाठला नव्हता. मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. अंतर उरले १४,६५० चे. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे तेरा खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना पसंती दिली असती तर देशाचा राष्ट्रपती दुसरा झाला असता. इतक्या निसटत्या निकालाचा अर्थ आपण गेली पाच दशके एकाच अंगाने लावत आलो आहोत: इंदिरा गांधींनी काँग्रेसमधल्या जुन्या धुरिणांना चीत केले, पक्षशिस्त मोडली आणि पक्ष फुटला. काँग्रेसच्या इतिहासापुरते हे खरे आहे. राष्ट्रपतिपदाच्या इतिहासात मात्र या निवडणुकीने एक वेगळाच प्रश्न उभा केला, आणि त्या प्रश्नाकडे पाठ फिरवून आपण भलत्याच ठिकाणी दुरुस्ती केली, असे माझे म्हणणे आहे.

घटनाक्रम आधी नीट पाहिला पाहिजे. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहू राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक भरली. पंतप्रधानांना जगजीवनराम हवे होते. मंडळाने चार विरुद्ध दोन मतांनी लोकसभेचे अध्यक्ष रेड्डी यांची निवड केली. बहुमताच्या बाजूला कामराज, मोरारजी देसाई आणि मुंबईचे स. का. पाटील यांच्याबरोबर यशवंतराव चव्हाणही होते. पंतप्रधानांच्या बाजूचे दुसरे मत फक्रुद्दीन अली अहमद यांचे होते. त्यानंतरचे दिवस विलक्षण वेगाने गेले. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले गेले, १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही होती कार्यवाहू राष्ट्रपती गिरी यांची. दुसऱ्याच दिवशी राजीनामा देऊन ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले आणि राष्ट्रपतीचे काम सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे आले. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्या इंदिरा गांधींनी पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी मागितलेला पक्षादेश काढला नाही, आणि मतदानाच्या तोंडावर सदस्यांनी आपापल्या विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे सांगितले. १६ ऑगस्टला मतदान झाले.

या सगळ्यात सर्वाधिक टीका झाली ती विवेकबुद्धीच्या हाकेवर. ज्या अर्जावर आपण सही केली, त्याच उमेदवाराला पाडण्यासाठी आपल्याच सदस्यांना मोकळीक द्यायची, याला राजकीय प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही. इथे इंदिरा गांधींचा बचाव करण्याचे कारण नाही. त्यांना रेड्डी नको होते तर सही करायची नव्हती. पण एका नेत्याचा अप्रामाणिकपणा आणि मतदाराचा हक्क या दोन गोष्टी आपण एकत्र कालवल्या. राज्यघटनेच्या ५५ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतीची निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी असे स्वतःच लिहून ठेवले आहे. ही तरतूद कायद्यात किंवा नियमात असती तर सोयीनुसार बदलता आली असती. घटनाकारांनी ती थेट घटनेत घातली. ज्या निवडणुकीत कोणी कोणाला मत दिले हे कळूच नये अशी योजना आहे, तिथे पक्षाचा आदेश पाळला की नाही हे तपासण्याची अपेक्षाच घटनेला विसंगत ठरते. पुढे १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, पण तेही या निवडणुकीला लागू होत नाही आणि इथे पक्षादेश काढता येत नाही, हे निवडणूक आयोगाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. म्हणून १९६९ मध्ये काँग्रेसच्या ज्या खासदार-आमदारांनी गिरींना मत दिले त्यांनी आपल्या पक्षाला दुखावले असेल, पण घटनेशी त्यांनी कोणतीही प्रतारणा केली नाही.

यावर आक्षेप येतो तो असा, की ते मत विवेकबुद्धीचे नव्हतेच. ते पंतप्रधानांच्या इच्छेचे होते, फक्त पक्षाध्यक्षाऐवजी दुसरीकडून आलेले. आक्षेपात तथ्य आहे. मंत्रिपदे, तिकिटे आणि बँकांच्या निर्णयाने आलेली लोकप्रियता हे सगळे त्या मतांमागे होते. परंतु दुसऱ्या बाजूचे चित्रही तितकेच पाहिले पाहिजे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी पुढे केलेले देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून मराठी माणसाच्या मनात त्यांचे स्थान वेगळे. कोणत्याही पक्षाचा नसलेला, प्रशासन आणि विद्या दोन्हींत मुरलेला असा उमेदवार त्या निवडणुकीत एकच होता. पण त्यांच्याकडे त्या दृष्टीने कोणी पाहिले नाही. निजलिंगप्पा यांनी त्यांच्या पाठीराख्या पक्षांकडे दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींसाठी मागितली. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी याच बोलण्यांकडे बोट दाखवून मोकळ्या मतदानाची मागणी केली. मतमोजणीचे आकडेही हेच सांगतात: फेरवाटपात रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या खात्यात अवघी १८,५६२ ची. देशमुखांच्या मतदारांचा मोठा हिस्सा रेड्डींकडे गेला, तरीही गिरी निवडून आले, कारण पहिल्या फेरीतच द्रविड मुन्नेत्र कळघम, अकाली दल, कम्युनिस्ट आणि काँग्रेसमधला मोठा गट त्यांच्यामागे उभा होता. देशमुख राष्ट्रपती म्हणून कसे ठरतील याची चर्चा दोन्ही मोठ्या गोटांत झाली नाही. त्यांच्या मतांच्या पुढच्या वाटेची झाली.

खरा प्रश्न इथे हाती लागतो. पक्षातल्या धुरिणांना हवा होता तो पंतप्रधानांना वेसण घालू शकेल असा राष्ट्रपती, निदान पंतप्रधानांच्या गोटात ती शंका उघड बोलली जात होती. पंतप्रधानांना हवा होता तो आपल्याला अडवणार नाही असा राष्ट्रपती. राष्ट्रपती हा आपल्या हातातला माणूस असावा याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा असा आग्रह धरला, तेव्हा नेहरू आणि डॉ. आंबेडकर यांनी तो मानला नाही. ज्याच्या हाती कारभार नाही त्याला कोट्यवधी मतदारांचा कौल देणे विसंगत होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी संसद आणि राज्यांच्या विधानसभा यांचे मिळून निर्वाचक मंडळ करण्यात आले आणि राज्यांची एकूण मते व संसदेची एकूण मते जवळजवळ समान राहतील असे सूत्र घातले गेले. दिल्लीतल्या बहुमताच्या पलीकडे राज्यांचाही आवाज त्या पदाला लाभावा, हा त्यामागचा विचार. पंतप्रधान आणि राष्ट्रपती यांच्यात थोडे अंतर राहावे, याची तीच सोय होती. १९६७ नंतर अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली होती आणि ही सोय पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने कसाला लागली होती. १९६९ मध्ये ती दोन्हीकडून निकामी झाली.

निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण हा प्रश्न तिथे पोहोचला नाही, आणि कायद्याने तो पोहोचूही शकत नव्हता. याचिकांचा भर होता रेड्डी यांच्यावर गलिच्छ आरोप करणाऱ्या एका निनावी पत्रकावर, जे खासदारांना वाटले गेले होते. गिरी यांनी इथे पदाची शान राखली, हे नोंदवलेच पाहिजे. राष्ट्रपती भवनातच साक्ष नोंदवण्याची सोय होऊ शकत असताना ते स्वतः न्यायालयात आले आणि पदावर असताना साक्ष देणारे पहिले राष्ट्रपती ठरले. पत्रक त्यांच्या संमतीने वाटले गेले हे सिद्ध झाले नाही आणि १९७० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने याचिका फेटाळल्या. कायद्याच्या अंगाने वाद मिटला.

मग संसदेने जे केले त्याला मी चुकीची दुरुस्ती म्हणतो. १९७४ मध्ये राष्ट्रपती निवडणुकीचा कायदा बदलला. उमेदवाराला दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागू लागले, अडीच हजार रुपये अनामत आली आणि निवडणुकीला आव्हान द्यायचे तर उमेदवार असावे लागेल किंवा निदान वीस मतदार एकत्र यावे लागतील अशी अट आली. १९७५ च्या ३९ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान आणि लोकसभा अध्यक्ष यांच्या निवडणुकीचे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींबाबतचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला परत मिळाला. त्याच वर्षी चरणलाल साहू यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की ज्याचा अर्ज अटी न पाळल्याने बाद झाला तो कायद्याने उमेदवारच नाही, म्हणून तो याचिका करू शकत नाही. दार बंद झालेल्याला दार बंद का झाले हे विचारायचीही सोय उरली नाही. १९९७ मध्ये दहाचा आकडा पन्नास झाला आणि अनामत पंधरा हजार.

या तरतुदी आवश्यकच होत्या असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद दुबळा नाही. १९६९ मध्ये पंधरा उमेदवार होते आणि त्यांतल्या काहींना एकही मत मिळाले नाही. देशाच्या सर्वोच्च पदाची निवडणूक हौशी अर्जांनी भरून जावी, हे कोणालाच नको असेल. काही अट हवीच. पण या हौशी उमेदवारांनी १९६९ मध्ये कोणते संकट आणले? त्यांच्यामुळे निकाल बदलला नाही, मतदानात गोंधळ झाला नाही. संकट आणले ते शंभर अनुमोदक सहज गोळा करू शकणाऱ्या पक्षांनी आणि त्यांच्या नेत्यांनी. पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक ही अट ज्यांना रोखते ते दुबळे आहेत. जे पदावर कब्जा करू शकतात त्यांना ती लागतच नाही. १९५७ मध्ये नागपूरचे डॉ. ना. भा. खरे राष्ट्रपती निवडणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. निर्वाचक मंडळातल्या काही जागा रिकाम्या असताना निवडणूक कशी होऊ शकते, हा त्यांचा सवाल होता. तो मान्य झाला नाही, आणि १९६१ मध्ये ११ व्या घटनादुरुस्तीने रिक्त जागांचा आधारच काढून घेतला. पण सवाल विचारला गेला, ऐकला गेला आणि घटनेत त्याचे उत्तर लिहावे लागले. एकट्या नागरिकाच्या चिकाटीचे असे मोल लोकशाहीत असते.

शेवटचा आणि सर्वांत मोठा आक्षेप असा, की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे. मग त्याच्या स्वातंत्र्याची एवढी काळजी कशासाठी? बांधलेला आहे हे मान्यच. पण बांधलेल्या माणसालाही प्रश्न विचारता येतो. ७८ व्या अनुच्छेदाने त्याला पंतप्रधानांकडून माहिती मागण्याचा हक्क दिला आहे आणि ४४ व्या दुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. या हक्कांचा उपयोग होईल की नाही, हे निवड कशी झाली यावर बरेच अवलंबून असते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली तेव्हा मंत्रिमंडळाची मंजुरी घेतलेली नव्हती; ती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. सही करणारे राष्ट्रपती होते फक्रुद्दीन अली अहमद, बंगळूरच्या बैठकीत पंतप्रधानांच्या बाजूने पडलेल्या दोन मतांपैकी एक. त्याच्या उलट उदाहरण के. आर. नारायणन यांचे. १९९७ मध्ये त्यांना जवळजवळ सर्व मोठ्या पक्षांनी पाठिंबा दिला होता. त्यांनी त्याच वर्षी गुजराल सरकारची उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली आणि १९९८ मध्ये वाजपेयी सरकारची बिहारबाबतची. परस्परविरोधी दोन सरकारांना एकच प्रश्न विचारण्याचे बळ त्यांना मिळाले ते एका माणसाच्या मर्जीवर निवडून न आल्यामुळे. स्वभावाचा भाग त्यात आहेच. पण निवडीच्या रीतीकडे डोळेझाक करून तो समजत नाही.

महाराष्ट्राच्या राजकारणाने या गुप्त मतदानाचा अर्थ कृतीने दाखवून दिला आहे. २००७ मध्ये भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने आघाडीने पाठिंबा दिलेले भैरोंसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली; २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींना. त्यामागची कारणे आपल्याला पटोत न पटोत, आघाडीच्या बाहेर जाऊन मत देणे हा निर्वाचक मंडळाच्या सदस्याचा अधिकार आहे आणि तो वापरला गेला. पुढची राष्ट्रपती निवडणूक २०२७ मध्ये होईल. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. २८८ आमदार आणि संसदेतले आपले प्रतिनिधी मिळून निकालाला वळण देऊ शकतील इतके वजन या राज्याकडे आहे. पक्षांनी उमेदवाराचे नाव जाहीर करण्याआधी विरोधकांशी खरीखुरी चर्चा करावी, पन्नास-पन्नासची अट खाली आणावी आणि अर्ज बाद झालेल्यालाही न्यायालयात जाण्याची वाट मोकळी करावी. हे झाले नाही तरी आपल्या आमदारांनी आणि खासदारांनी हातातली मतपत्रिका पक्षाध्यक्षाची किंवा पंतप्रधानांची नसून आपली स्वतःची आहे असे मानून मत द्यावे, आणि आपण मतदारांनी त्यांच्याकडे तशी मागणी आतापासून करावी.