न परतलेले बिल्ले

जुनी नाणी जमवणारी माणसे पुष्कळ भेटतात. जुने बिल्ले जमवणारी फार थोडी. नाण्यावर राजाचे नाव असते, साल असते, त्यामुळे त्याला चटकन इतिहास चिकटतो. बिल्ल्यावर असून असून काय असणार? एखाद्या पेढीची दोन अक्षरे, एखादा आकडा, मधोमध भोक. साताऱ्यात भांड्यांच्या मोडीत आणि सांगलीत भंगारवाल्यांकडे हे बिल्ले मला किलोच्या भावाने मिळाले आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर लागलेला हा नाद. घरचे हसतात, आणि त्यांच्या हसण्याला मी हरकत घेत नाही.

बिल्ला म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला शब्द. आत्ता सुटे पैसे नाहीत, किंवा रोजच्या रोज हिशेब करायला वेळ नाही. हा तुकडा ठेव, आणून दिलास की पैसे देईन, असा त्याचा अर्थ. ही काही आपल्याकडचीच रीत नव्हे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकारी तांब्याची चिल्लर इतकी अपुरी पडली की खाणमालक आणि कारखानदार स्वतःचेच पैसे पाडू लागले. 1787 साली वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस तांब्याच्या खाणीने असा बिल्ला काढला. तो आणून देणाऱ्याला एक पेनी देऊ, हे वचन त्यावरच कोरले होते आणि ते कोणकोणत्या गावी वटेल हे कडेवर लिहिले होते. आसामच्या चहामळ्यांत मजुरांच्या हाती मळ्याचेच बिल्ले पडत. ते मळ्याबाहेर फारसे चालत नसत, त्यामुळे मजूरही मळ्याबाहेर फारसा जाऊ शकत नसे. शब्द देणारा बलवान आणि घेणारा दुबळा असला की शब्दाची बेडी कशी होते, ते तिथे दिसते.

सरकारांना हे कळत नव्हते असे नाही. खासगी माणसाने पैसे म्हणून चालवण्यासाठी धातूचे तुकडे पाडू नयेत, असा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात 1889 सालीच झाला. तो 2011 च्या नाणेकायद्याने रद्द झाला. बंदी मात्र नव्या कायद्यातही राहिली. मजुरी चालू चलनातच दिली पाहिजे, हे 1936 च्या वेतन कायद्याने सांगितले. पण बाजार हुशार असतो. हे पैसे नव्हेतच, ही पोत्यांची मोजणी आहे, असे तो म्हणतो, आणि ते खोटेही नसते.

माझे अब्बा सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाल होते. सांगली जिल्ह्याला ते अखेरपर्यंत 'दक्षिण सातारा' म्हणत. 1949 साली जिल्हा झाला तेव्हा त्याचे नाव तेच होते, 'सांगली' हे नाव 1960 मध्ये आले. हरिपूरच्या पेवांतून काढलेली हळद, शेतावरून आलेला गूळ, शेंगा, सगळे पाठीवरून. काही अडत दुकानांत पोत्यामागे एक पितळी बिल्ला मिळे. थप्पी लागली की दिवाणजी बिल्ला हातावर टेकवी, आणि शनिवारी बिल्ले मोजून पैसे. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हते. अशा माणसाला बिल्ला सोयीचा होता, हे मी मान्य करतो. वहीत दिवाणजी काहीही लिहील, पण खिशातले बिल्ले खोटे बोलणार नाहीत, असे ते म्हणत.

1967 च्या सुमारास त्यांतली एक पेढी बुडाली. दोन शनिवार 'पुढच्या आठवड्यात या' झाले, तिसऱ्या शनिवारी दाराला कुलूप. अब्बांकडे आठ बिल्ले राहिले. पोत्यामागे दहा पैसे, म्हणजे ऐंशी पैसे. कोणी उपाशी मेले नाही. अब्बांनी ते बिल्ले एका फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवले. कधी विचारले तर एवढेच म्हणत, "हिसाब बाकी है." त्यात राग नव्हता. पाऊस बाकी आहे म्हणावे तसे म्हणत.

पुढे 1969 साली माथाडी कायदा झाला. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील साताऱ्याच्याच पाटण तालुक्यातले. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती हमालाला द्यायची, ही त्या कायद्यातली व्यवस्था वाचताना मला नेहमी ते फडके आठवते. मालक आणि मजूर यांच्यामध्ये उभे राहणारे कोणी असते, तर ते आठ बिल्ले आमच्या घरी आलेच नसते.

इथे मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. माझ्या डब्यात अब्बांच्या बिल्ल्यासारखाच आणखी एक आहे. तीच पेढी, तीच अक्षरे, तेच भोक. तो मला एका जुन्या दुकानाच्या गल्ल्यातल्या मोडीत सापडला. दोघांत धातूचा, वजनाचा काही फरक नाही. पण गल्ल्यातला बिल्ला म्हणजे परत आलेला बिल्ला. कोणी तरी तो दिला, पैसे घेतले, शब्द पुरा झाला. ट्रंकेतला बिल्ला म्हणजे न परतलेला. एक फेडीची पावती, दुसरा थकलेली मजुरी. संग्राहकाच्या वहीत मात्र दोघांची नोंद एकच होते: सांगली, पितळ, गोल, सच्छिद्र. कुठे सापडला, कोणाच्या घरात सापडला, याला माझ्या वहीत रकानाच नव्हता. आम्ही अक्षरे वाचतो, धातू तपासतो, आणि ज्या एका गोष्टीवर बिल्ल्याचा सगळा अर्थ अवलंबून आहे ती सोडून देतो.

यातून एक विचित्र न्याय निघतो. ज्या व्यापाऱ्याने प्रत्येक बिल्ला परत घेऊन पैसे चुकवले आणि शेवटी बिल्ले वितळवले, त्याची आज खूणही सापडत नाही. ज्याने बुडवले त्याचे बिल्ले घरोघरच्या ट्रंकांतून निघतात, आणि त्याचे नाव आमच्या वहीत राहते.

माझ्याकडे खेळाचेही बिल्ले आहेत. महाबळेश्वरच्या एका जुन्या सामानाच्या ढिगातून एक पिवळी चकती मिळाली होती. विकणारा ती सोन्याची मोहर म्हणून सांगत होता. ती होती इंग्रजांची पत्त्यांच्या डावात मांडायची पितळी चकती, तिसऱ्या जॉर्जच्या गिनीची नक्कल. त्यावर 'त्या चांगल्या जुन्या दिवसांची आठवण' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. कोणाचे चांगले दिवस, हा प्रश्न मी तिथल्या तिथे गिळला. आपल्याकडे कवडी हे दोन्ही होते: बाजारात चिल्लर आणि पटावर दान. पण जुगाराच्या चकतीत आणि हमालाच्या बिल्ल्यात मला फरक वाटत असे तो हा, की जुगारी स्वतः होऊन जोखीम घेतो. अब्बांनी कोणता डाव मांडला होता? पाठीवर पोते घेतले, खाली टाकले, काम संपले. तरी शनिवारपर्यंत त्यांची मजुरी दुसऱ्याच्या नशिबावर लावलेली होती. आणि गंमत अशी की जुगाराचे देणे बुडवणाऱ्याला अड्ड्यावर पुन्हा कोणी बसू देत नाही. पेढी बुडवणाऱ्याला मात्र बाजारात पुन्हा पेढी काढता येते.

साताऱ्याचे एक स्नेही, माझ्याहून मोठे संग्राहक, त्यांनी अब्बांचे बिल्ले मागितले. एकेकाला दोनशे रुपये. मी का कू करतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मास्तर, येणं तीन वर्षांत मुदतबाह्य होतं. आता ती फक्त वस्तू आहे. माझ्याकडे नीट राहील." त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. वस्तू सांभाळणारा नसता तर हा इतिहास केव्हाच भट्टीत गेला असता. पण सोळाशे रुपये घेतले म्हणजे ऐंशी पैशांचा हिशेब मिटला का? ज्याने द्यायचे त्याने दिले नाहीत. ज्याचे देणे नव्हते त्याने दिले. ती किंमत झाली, फेड झाली नाही. मुदत कोर्टासाठी असते. कोर्टात जाता येत नाही एवढ्याने घेतलेले घेतले नव्हते असे होत नाही. आता तर फेडायचे म्हटले तरी अडचण. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. त्या शेटजींचा नातू उद्या दारात उभा राहिला, तर नेमके ऐंशी पैसे तो नाण्यांत मोजूच शकणार नाही.

अब्बा गेले तेव्हा त्यांच्या मागे वाटण्यासारखे काही नव्हते. आमच्यात आधी मयताचे कर्ज फेडतात, मग वाटे होतात. अब्बांचे कर्ज नव्हते, येणे होते. आणि येणे हीसुद्धा मालमत्ताच. धाकटा भाऊ सहज हिशेब करायला बसला: अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे एक. उरले सात. दोन मुलगे, तीन मुली. मुलांना दोन-दोन, मुलींना एकेक. बरोबर आठ. मरणाच्या घरात आम्ही हसलो. अम्मी म्हणाली, मोडू नका, माझ्याकडे राहू द्या. दर ईदच्या आधी ती भांड्यांबरोबर ते चिंचेने घासून लख्ख करी. साताऱ्याच्या स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. घासलेल्या बिल्ल्याला भाव येत नाही म्हणे.

अम्मी गेल्यावर फडके माझ्याकडे आले. स्नेह्यांना मी नाही म्हणून कळवले. गल्ल्यात सापडलेला तो एक त्यांना देऊन टाकला, त्याचे देणे फिटलेले आहे. वहीत 'कोणाकडून' असा एक रकाना वाढवला. बहुतेक जागी तो रिकामाच आहे, कारण तेव्हा मी विचारले नव्हते.

मग बहिणींना बोलावून ज्याचा त्याचा वाटा दिला. अम्मीचा एक थोरल्या बहिणीकडे ठेवला. तिनेच अम्मीला शेवटी सांभाळले. तिने ते दोन्ही तळहातावर घेतले आणि विचारले, एक पोते किती किलोचे असायचे? मी म्हटले, शंभराचे. भावाचे दोन अजून माझ्याकडे आहेत. तो पुण्याहून आला की नेईल.