कडेला कोण ढकलते?

रायापूरला समुद्राचे काय? हुबळी-धारवाड रस्त्यावरचे हे ठिकाण; इस्कॉनचे मंदिर आणि चिगरी बसचा थांबा एवढीच त्याची आजची ओळख. कारवारचा किनारा इथून एकशे साठ-सत्तर किलोमीटर. मध्ये कलघटगी, यल्लापूर, अरबैलचा घाट. तरी जोडून सुट्टी आली की इथल्या गाड्या तिकडे वळतात. हल्ली त्यांना कारवारचा टागोर किनाराही गर्दीचा वाटतो. माजाळीपलीकडची, गोव्याच्या हद्दीजवळची तिळमाती हवी असते. टेकडी ओलांडून किंवा होडीने तिथे पोचायचे. किनारा इवलासा, वाळू तिळासारखी काळी. इथे कधी काही घडलेच नाही, म्हणूनच हे असे राहिले, असे म्हणत मंडळी फोटो काढतात.

मला हे पटत नाही. एखादा किनारा जगाच्या कडेला पडतो, त्याला भूगोल थोडा आणि माणसांचे निर्णय फार कारणीभूत असतात. कारवारच्या बाबतीत तर हे निर्णय तारीखवार सांगता येतात.

सतराव्या शतकात हा किनारा कडेला नव्हता, दारातच होता. 1638 साली इंग्रज व्यापाऱ्यांनी कारवारला वखार घातली. मिरी, वेलदोडे यांच्याबरोबर तिथून उत्तम मलमल जात असे आणि ती विणली जाई हुबळीच्या बाजूला. या मलमलीमागे पन्नास हजार विणकर राबत, असे जुन्या गॅझेटियरात नोंदले आहे. आकडा फुगवलेला असेल, सोडून द्या. पण किनाऱ्याचे पोट घाटावर भरत होते हे त्यातून दिसते. म्हणूनच शिवाजी महाराजांनी 1665 मध्ये कारवारकडून खंडणी वसूल केली आणि 1673 मध्ये अण्णाजी दत्तोंच्या फौजेने हुबळी लुटली, तेव्हा दोन्हीकडे झळ इंग्रजांच्याच पेढीला लागली. भरपाईसाठी इंग्रज पुढे कितीतरी वर्षे अर्ज करत राहिले. घाट आणि किनारा ही एकाच धंद्याची दोन टोके होती.

याच किनाऱ्यासमोर अंजदीव बेट आहे. मुंबईकरांना हे नाव माहीत असायला हवे, पण नसते. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, त्या मुंबईचा ताबा घ्यायला अब्राहम शिपमन चारएकशे सैनिक घेऊन 1662 मध्ये आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा नाकारला. फौज अंजदीवला येऊन थांबली आणि तापाने, उपासमारीने तिथेच झिजली. शिपमनही 1664 मध्ये तिथेच गेला. 1665 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले ते शंभराहून थोडेच अधिक. मुंबईच्या इंग्रजी राज्याचा पहिला अध्याय असा कारवारसमोरच्या बेटावर, थडग्यांनी लिहिला गेला.

मग दोनशे वर्षांनी कारवारला पुन्हा संधी आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा धारवाडच्या कापसाला बंदर हवे म्हणून 1862 मध्ये कारवारचा उत्तर कन्नड जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. कारवार-हुबळी रेल्वेचीही चर्चा झाली. युद्ध संपले, कापसाची निकड ओसरली आणि बेत बारगळला. 1880 च्या दशकाच्या अखेरीस रूळ टाकले गेले ते मार्मागोव्याला, कॅसलरॉकमार्गे. हुबळीचा कापूस गोव्याच्या बंदराकडे निघाला. कारवार बाजूला पडले ते तेव्हा. 1956 साली धारवाड आणि कारवार दोन्ही म्हैसूर राज्यात गेले. कारवारवरचा महाराष्ट्राचा दावा महाजन आयोगाने पुढे फेटाळला. त्या वादात किनारा कोणाचा यावर कागदाचे रीमच्या रीम खर्ची पडले. किनाऱ्यावरच्या माणसाला काय हवे, हा प्रश्न मात्र कोणी नीट विचारला नाही.

सत्तरच्या दशकात पर्ससीन जाळी आली आणि गावकऱ्यांनी मिळून ओढायची रापण मोडली. पुढे नौदलाच्या तळासाठी अर्गा, बिणगा भागातली गावे उठली. अंजदीवही आता तळाच्या हद्दीत आहे. तेव्हा तिळमातीची शांतता निसर्गाने राखली, असे म्हणताना जरा थांबावे. इतर किनारे गेले, म्हणून हा एवढा मोकळा दिसतो.

हुबळी-अंकोला रेल्वेची पायाभरणी वाजपेयी पंतप्रधान असताना झाली. मार्ग अजून झालेला नाही, कारण तो सह्याद्रीच्या दाट रानातून जातो. मी रानाच्या बाजूचा आहे. पण रान राखायचे ठरवले, की किनाऱ्याचे दूर असणेही आपणच ठरवतो, आणि त्याची किंमत तिथल्यांनी भरायची, हे अन्यायाचे आहे. जुलै 2022 मध्ये उत्तर कन्नडच्या लोकांनी जिल्ह्यात सुपर स्पेशालिटी रुग्णालय हवे म्हणून मोठी मोहीम चालवली. त्यांचे गंभीर रुग्ण हुबळी, मंगळूर, मणिपाल किंवा गोव्याला न्यावे लागतात. आपण ज्या घाटातून सहलीला उतरतो, त्याच घाटातून त्यांच्या रुग्णवाहिका वर येतात. रेल्वे हवी की नको यावर वाद घालू. रुग्णालयावर वाद नको. ते कारवारला आधी उभे राहिले पाहिजे आणि ही मागणी हुबळी-धारवाडकरांनीही तिथल्या लोकांइतक्याच जोराने करायला हवी.